मधले धारित्र : विवर्धकाचे टप्पे एकमेकांना कसे जोडले जातात?

रेडिओ, टेपरेकॉर्डर किंवा सभागृहातील ध्वनिक्षेपण यंत्रणा यांच्या परिपथाचा आराखडा पहिल्यांदा पाहणाऱ्याला एक शंका हमखास येते. मायक्रोफोनपासून निघालेली रेघ पहिल्या ट्रान्झिस्टरपर्यंत पोचण्याआधीच तुटलेली दिसते, कारण तिच्या वाटेत दोन समांतर रेघांनी दाखवलेले धारित्र, म्हणजे दुकानात कॅपॅसिटर किंवा कंडेन्सर म्हणून मागितला जाणारा घटक, बसवलेले असते. धारित्राच्या दोन पत्र्यांमध्ये विसंवाहकाचा थर असतो आणि विसंवाहकातून वीज वाहत नाही, हे तर शाळेतच शिकवले जाते. मग आवाजाचा संकेत पलीकडे पोचतो कसा, आणि तो पोचतच असेल तर धारित्राऐवजी साधी तार का लावत नाहीत? या दोन प्रश्नांची उत्तरे एकाच गुणधर्मात दडलेली आहेत, आणि तो नीट समजला की धारित्राचे मूल्य कसे ठरते, जुना रेडिओ कशामुळे बिघडतो आणि विवर्धकात घरघर कोठून येते, हेही उलगडत जाते.

१. विवर्धकाचे टप्पे आणि त्यांची विश्रांतीची पातळी

क्षीण विद्युत संकेत मोठा करून देणाऱ्या परिपथाला विवर्धक, म्हणजेच ॲम्प्लिफायर, म्हणतात. मायक्रोफोनकडून येणारा संकेत काही मिलिव्होल्टचा, म्हणजे व्होल्टच्या काही हजाराव्या भागाएवढा असतो, तर ध्वनिक्षेपकाला, म्हणजे स्पीकरला, काही व्होल्ट लागतात. ५ मिलिव्होल्टचे ५ व्होल्ट करायचे तर १,००० पट विवर्धन हवे. एका ट्रान्झिस्टरकडून इतकी वाढ भरवशाने मिळत नाही. परंतु प्रत्येकी ४० पट वाढवणारे दोन टप्पे एकापुढे एक जोडले, तर ४० गुणिले ४० म्हणजे १,६०० पट विवर्धन मिळते. ली डी फॉरेस्ट या अमेरिकी संशोधकाने १९०६ च्या सुमारास तीन अग्रांची निर्वात नलिका तयार केली आणि १९४७ च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत बार्डीन व ब्रॅटन यांनी ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. या दोन्ही साधनांनी बांधलेल्या विवर्धकांत टप्प्यांची ही साखळी आढळते.

प्रत्येक टप्प्याला संकेताखेरीज आणखी एक गोष्ट लागते. आवाजाचा संकेत प्रत्यावर्ती असतो, म्हणजे तो क्षणात धन तर क्षणात ऋण होतो. ट्रान्झिस्टर मात्र एकाच दिशेने प्रवाह वाहू देतो. संकेत नसतानाही ट्रान्झिस्टरमधून थोडा प्रवाह वाहता ठेवला, तरच संकेताला वर आणि खाली अशा दोन्ही बाजूंना हलायला जागा मिळते. त्यासाठी संकेत नसतानाही ट्रान्झिस्टरच्या तारांवर जो ठरावीक विद्युत दाब, म्हणजे व्होल्टेज, ठेवला जातो, त्याला येथे विश्रांतीची पातळी म्हटले आहे. परिपथ बांधणारे त्यालाच बायस म्हणतात. हा दाब दिष्ट असतो, म्हणजे त्याची दिशा बदलत नाही.

२. साधी तार लावली तर काय बिघडते?

उदाहरणासाठी ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा दोन टप्प्यांचा विवर्धक घेता येईल. ट्रान्झिस्टरला तीन तारा असतात : संकेत जिच्यावर दिला जातो ती बेस, वाढलेला संकेत जिच्यावर मिळतो तो कलेक्टर आणि तिसरा एमिटर. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर विश्रांतीला ५ व्होल्ट ठेवलेले आहेत, कारण ते बॅटरीच्या दाबाच्या साधारण मध्यावर येतात. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या एमिटरवर १ व्होल्ट आहे, आणि सिलिकॉन ट्रान्झिस्टर चालू राहण्यासाठी बेसचा दाब एमिटरपेक्षा सुमारे ०.६ व्होल्टने जास्त लागतो, म्हणून त्याच्या बेसवर १.६ व्होल्ट आहेत.

आता पहिल्याचा कलेक्टर तारेने दुसऱ्याच्या बेसला जोडला, तर एकाच तारेची दोन टोके एकाच वेळी ५ आणि १.६ व्होल्टवर राहू शकत नाहीत. बेसचा दाब वर ओढला जातो, दुसऱ्या ट्रान्झिस्टरमधून गरजेपेक्षा कितीतरी जास्त प्रवाह वाहू लागतो, त्याच्या कलेक्टरचा दाब खाली कोसळतो आणि संकेताला हलायला जागाच उरत नाही. अशा अवस्थेत ट्रान्झिस्टर संपृक्त झाला असे म्हणतात; ऐकणाऱ्याला एक तर फाटका आवाज ऐकू येतो, नाही तर काहीच ऐकू येत नाही. दोन्ही टप्पे स्वतंत्रपणे निर्दोष असूनही केवळ जोडणीमुळे निकामी ठरतात. म्हणून ५ आणि १.६ व्होल्टच्या पातळ्या जशाच्या तशा ठेवून ५ व्होल्टवर स्वार झालेली संकेताची थरथर तेवढी पुढे नेईल असा दुवा हवा असतो, ते काम धारित्र करते, आणि ते लावून केलेल्या जोडणीला धारित्र-युग्मन म्हणतात.

३. धारित्र नेमके काय करते?

धारित्राच्या दोन पत्र्यांवर परस्परविरुद्ध विद्युतभार साठतो आणि त्यामुळे पत्र्यांमध्ये दाबाचा फरक निर्माण होतो. पोमेरेनियात १७४५ मध्ये फॉन क्लाइस्ट यांनी आणि लगेच त्यानंतर हॉलंडमधील लायडन येथे मुशेनब्रुक यांनी काचेच्या बरणीत विद्युतभार साठवून दाखवला. ती लायडन बरणी हेच पहिले धारित्र. ठरावीक दाबाला किती भार साठतो त्यावरून धारित्राची धारकता ठरते. तिचे एकक फॅरड असून ते फार मोठे असल्याने व्यवहारात त्याचा दहा लाखावा भाग, म्हणजे मायक्रोफॅरड, आणि मायक्रोफॅरडचाही दहा लाखावा भाग, म्हणजे पिकोफॅरड, ही एकके वापरतात.

साठलेला भार एका क्षणात बदलत नाही, कारण तो रोधकांमधून वाहत यावा किंवा जावा लागतो. म्हणून पत्र्यांमधील दाबाचा फरकही एका क्षणात बदलू शकत नाही. धारित्र-युग्मनाचा सगळा डोलारा या एका वाक्यावर उभा आहे. वरच्या उदाहरणात तारेच्या जागी धारित्र लावून बॅटरी जोडली, की ते अल्पावधीत ५ वजा १.६, म्हणजे ३.४ व्होल्टपर्यंत भरते आणि त्यानंतर त्यातून दिष्ट प्रवाह वाहत नाही. पुढे संकेतामुळे कलेक्टरचा दाब ५.०० वरून ५.०२ व्होल्ट झाला, तर ३.४ व्होल्टचा फरक कायम राहण्यासाठी बेसकडील पत्र्याचा दाब १.६० वरून १.६२ व्होल्ट व्हावाच लागतो. आणि कलेक्टर ४.९८ वर उतरला, की बेसही १.५८ वर उतरते.

चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरून भाजी घेण्यासाठी दोरीला बांधून खाली सोडलेल्या टोपलीशी या क्रियेची तुलना करता येते. दोरी धरणारा हात उंचावर असतो आणि टोपली जमिनीलगत लोंबत असते, तरी हात वीतभर वर गेला की टोपलीही वीतभरच वर येते. हाताची उंची टोपलीला मिळत नाही, हालचाल मात्र तंतोतंत मिळते. दोरीची लांबी म्हणजे धारित्रात साठलेले ३.४ व्होल्ट. फरक एवढाच, की कलेक्टरची विश्रांतीची पातळीच कायमची बदलली, तर धारित्राची ही दोरी हळूहळू आपली लांबी बदलून घेते आणि बेस पुन्हा १.६ व्होल्टवर येते. म्हणून जलद बदल पलीकडे पोचतो, मंद बदल मात्र वाटेतच विरतो.

विसंवाहकातून एकही इलेक्ट्रॉन पलीकडे जात नाही, तरी दोन्ही बाजूंच्या तारांत प्रवाह मोजता येतो. एका पत्र्यावर भार वाढला की दुसऱ्या पत्र्यावरून तेवढाच समान भार दूर ढकलला जातो, आणि पत्र्यांमधल्या जागेत फक्त विद्युत क्षेत्र बदलत राहते. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६० च्या दशकात या बदलत्या क्षेत्रालाच प्रवाहाचा दर्जा दिला आणि त्याला विस्थापन प्रवाह असे नाव दिले.

४. धारित्र किती मोठे हवे?

धारित्रातील फरक किती सावकाश बदलतो, हे त्याची धारकता आणि दोन्ही बाजूंचा एकूण रोध यांच्या गुणाकारावरून ठरते. १० मायक्रोफॅरडचे धारित्र आणि ५,००० ओहमचा रोध यांचा गुणाकार ०.०५ सेकंद येतो. या अवधीला कालांक म्हणतात, आणि त्याच्या सुमारे पाचपट वेळात धारित्र जवळजवळ पूर्ण भरते. १,००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १,००० आवर्तने करणाऱ्या सुराचे अर्धे आवर्तन ०.०००५ सेकंदात उरकते. तेवढ्यात धारित्रातील फरक बदलायला सवडच मिळत नाही, आणि सूर जसाच्या तसा पुढे जातो.

सूर जसजसा खर्जात उतरतो, तसतसा एकेका आवर्तनाला जास्त वेळ लागतो, धारित्राला आपला फरक बदलायला अवधी मिळतो आणि पलीकडे पोचणारा संकेत घटतो. ज्या वारंवारतेला तो मूळ दाबाच्या सुमारे ७१ टक्के, म्हणजे शक्तीच्या हिशेबाने निम्मा उरतो, तिला निम्न सीमा म्हणतात. ती काढण्याचा नियम तोंडपाठ ठेवण्याजोगा आहे : १,६०,००० या संख्येला ओहममधील रोध आणि मायक्रोफॅरडमधील धारकता यांच्या गुणाकाराने भागले, की निम्न सीमा हर्ट्झमध्ये मिळते. येथे रोध म्हणजे आधीच्या टप्प्याचा निर्गम रोध, म्हणजे संकेत बाहेर पडतो त्या टोकाचा, आणि पुढच्या टप्प्याचा आदान रोध, म्हणजे संकेत शिरतो त्या टोकाचा, यांची बेरीज.

निर्वात नलिकांच्या जुन्या रेडिओत ही बेरीज ५,००,००० ओहमच्या आसपास असे, आणि मध्ये ०.०१ मायक्रोफॅरडचे धारित्र लावलेले असे. दोहोंचा गुणाकार ५,००० होतो, म्हणून निम्न सीमा ३२ हर्ट्झ येते, जी संगीतासाठीही पुरेशी आहे. तेच धारित्र ट्रान्झिस्टरच्या परिपथात लावले, तर कलेक्टरकडील ३,००० आणि बेसकडील २,००० मिळून रोध ५,००० ओहमच भरतो, गुणाकार ५० वर येतो आणि निम्न सीमा ३,२०० हर्ट्झवर चढते. अशा विवर्धकातून डग्ग्याची घुमक तर नाहीच, पुरुषाच्या आवाजाचा भरदारपणाही ऐकू येणार नाही. स, श अशा वर्णांचा सीत्कार तेवढा उरेल. ३२ हर्ट्झच हवे असतील तर येथे १ मायक्रोफॅरड लागते, आणि प्रत्यक्षात बहुधा १० मायक्रोफॅरडचे धारित्र लावून ही सीमा ३.२ हर्ट्झपर्यंत खाली नेतात. नलिकांच्या रेडिओतील कागदी धारित्रांची जागा ट्रान्झिस्टरच्या परिपथांत कित्येक पटींनी मोठ्या धारकतेच्या धारित्रांनी का घेतली, याचे कारण या भागाकारात आहे.

टप्पे वाढले की घटही वाढत जाते. तीन ठिकाणी धारित्रे असून प्रत्येकाची निम्न सीमा ३२ हर्ट्झ असेल, तर त्या वारंवारतेचा संकेत ७१ टक्क्यांचे ७१ टक्के असा तीनदा घटून जेमतेम ३५ टक्के उरतो. म्हणून प्रत्येक धारित्राची सीमा हव्या असलेल्या खालच्या सुराच्याही बरीच खाली ठेवतात. ती त्याच्या एक पंचमांशावर ठेवली, तर तिन्ही धारित्रे ओलांडूनही सुमारे ९४ टक्के संकेत शिल्लक राहतो. याच्या उलट, केवळ बोलणे ऐकवायचे असेल, तर धारित्र मुद्दाम लहान निवडून वाऱ्याची घोंघों आणि मायक्रोफोन हाताळल्याचा खरखराट गाळून टाकता येतो. दूरध्वनीत पूर्वापार ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा वापरात होता, तरी संभाषण स्पष्ट कळत असे.

५. ध्वनिक्षेपकाच्या तोंडाशी

विवर्धकाच्या शेवटच्या टोकाला हाच प्रश्न मोठ्या प्रवाहाच्या रूपात उभा राहतो. हौशी विद्यार्थ्यांच्या प्रयोगांत हमखास भेटणाऱ्या एलएम ३८६ या चिपच्या निर्गम तारेवर विश्रांतीला बॅटरीच्या निम्मा दाब असतो, म्हणजे ९ व्होल्टच्या बॅटरीवर ४.५ व्होल्ट. तेथे ८ ओहमचा ध्वनिक्षेपक थेट जोडून त्याचे दुसरे टोक ऋण तारेला दिले, तर ४.५ भागिले ८ या हिशेबाने अर्ध्या ॲम्पिअरहून अधिक दिष्ट प्रवाह मागितला जातो. त्याने ना सूर निघतो ना शब्द, चिप आणि ध्वनिक्षेपकाचे वेटोळे मात्र तापते आणि पडदा एका बाजूला ओढलेला राहतो.

म्हणून मध्ये धारित्र येते, आणि रोध अवघा ८ ओहम असल्याने ते चांगलेच मोठे लागते. २२० मायक्रोफॅरडला गुणाकार १,७६० होतो आणि निम्न सीमा सुमारे ९० हर्ट्झ येते. लहान ध्वनिक्षेपकाला तेवढी पुरते, कारण त्याच्या खालचे सूर त्याला स्वतःलाच नीट वाजवता येत नाहीत. मोठ्या ध्वनिक्षेपकासाठी १,००० मायक्रोफॅरड लावले, तर सीमा २० हर्ट्झवर येते. असा विवर्धक सुरू करताच ऐकू येणारा ‘धप्’ हा आवाज बिघाडाचा नसून हे मोठे धारित्र विश्रांतीच्या दाबापर्यंत भरत असल्याची ती खूण असते.

६. जात आणि दिशा

लहान मूल्यांसाठी सिरॅमिक चकत्या किंवा पॉलिएस्टरची धारित्रे वापरतात. त्यांच्यावरील १०४ असा अंक पिकोफॅरडमध्ये वाचायचा असतो : पहिले दोन अंक १०, त्यावर ४ शून्ये, म्हणजे १,००,००० पिकोफॅरड अथवा ०.१ मायक्रोफॅरड. त्याच रीतीने १०३ म्हणजे ०.०१ मायक्रोफॅरड. काही जातींच्या सिरॅमिक धारित्रांची धारकता त्यांच्यावरील दाबानुसार बदलते, त्यामुळे आवाजाचे स्वरूप किंचित बिघडते. चांगल्या ध्वनिविवर्धकांत म्हणूनच पॉलिएस्टरसारख्या पातळ प्लॅस्टिकच्या धारित्रांना पसंती असते.

सुमारे १ मायक्रोफॅरडच्या वर बहुधा इलेक्ट्रोलिटिक धारित्र वापरले जाते. त्यात ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर रासायनिक रीतीने चढवलेला ऑक्साइडचा अतिशय पातळ थर विसंवाहकाचे काम करतो, त्यामुळे लहानशा डबीत मोठी धारकता मावते. परंतु हा थर एकाच दिशेचा दाब सोसतो. म्हणून डबीच्या बाजूवर ऋण चिन्हांचा पट्टा छापलेला असतो आणि नव्या डबीची धन तार लांब ठेवलेली असते. धन तार कोणत्या बाजूला लावायची, हे संकेताच्या दिशेवर नव्हे तर विश्रांतीच्या दाबावर ठरते. वरच्या उदाहरणात कलेक्टरवर ५ आणि बेसवर १.६ व्होल्ट असल्यामुळे धन तार कलेक्टरकडे लागते. दुसऱ्या एखाद्या परिपथात पुढच्या टप्प्याचाच दाब अधिक असेल, तर तीच तार पुढच्या बाजूला लावावी लागते. उलटे लावलेले धारित्र गळू लागते, तापते आणि दाब पुरेसा असेल तर फुटतेही.

७. गळके धारित्र

विसंवाहक पूर्ण निर्दोष असेल तोवरच धारित्र दिष्ट दाबाला अडवते. जुन्या रेडिओंतील कागदी धारित्रांत वर्षानुवर्षे दमटपणा शिरतो, कागदाचा रोध उतरतो आणि थोडासा दिष्ट प्रवाह पलीकडे झिरपू लागतो. यालाच गळती म्हणतात. समजा, आधीच्या नलिकेच्या ॲनोडवर, म्हणजे वाढलेला संकेत जेथे मिळतो त्या अग्रावर, १०० व्होल्ट आहेत. पुढील शक्तिनलिकेच्या ग्रिडपासून, म्हणजे संकेत घेणाऱ्या जाळीपासून, जमिनीपर्यंत ४,७०,००० ओहमचा रोधक आहे, आणि मधल्या धारित्राचा गळतीरोध घटून १ कोटी ओहमवर आला आहे. १ कोटी ओहम हा आकडा मोठा भासतो, परंतु दोन रोधांत दाब विभागला जाऊन ग्रिडवर सुमारे साडेचार व्होल्टचा धन दाब येतो.

अशा नलिकेची ग्रिड तिच्या कॅथोडच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या अग्राच्या, तुलनेत काही व्होल्टने ऋण राहावी अशी मुळात योजना असते. तिच्यावर साडेचार धन व्होल्ट चढले, की नलिकेतून वाजवीपेक्षा जास्त प्रवाह वाहतो, आवाज फाटतो, आणि रेडिओ तसाच चालू ठेवला तर नलिका व निर्गम रोहित्र, म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर, दोन्ही जळण्याची पाळी येते. क्षुल्लक किमतीच्या घटकातील दोष सर्वांत महागड्या भागांना भोवतो तो असा. म्हणूनच जुना रेडिओ दुरुस्त करणारे जाणकार शक्तिनलिकेच्या ग्रिडला जोडलेले धारित्र आधी तपासतात आणि ते कागदी असेल तर बदलूनच टाकतात. अशा रेडिओत २०० ते ३०० व्होल्टचा दिष्ट दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही मोठ्या धारित्रांत तो काही काळ टिकून राहतो, त्यामुळे माहितगाराखेरीज कोणी त्यात हात घालणे धोक्याचे आहे.

८. दुसरे मार्ग

दोन टप्पे जोडण्याचे आणखी दोन मार्ग आहेत. पहिला रोहित्राचा : त्याच्या दोन वेटोळ्यांमध्ये फक्त चुंबकीय संबंध असल्याने दिष्ट दाब आपोआप अडतो, शिवाय दोन्ही बाजूंचे रोध परस्परांशी जुळवून घेता येतात, म्हणून सुरुवातीच्या ट्रान्झिस्टर रेडिओंत छोटी रोहित्रे सर्रास असत. परंतु रोहित्र जड आणि महाग असते, आणि सर्व सुरांना सारखा न्याय देणारे रोहित्र बनवणे कठीण असते.

दुसरा मार्ग थेट जोडणीचा. त्यात एका टप्प्याची विश्रांतीची पातळी दुसऱ्याला चालेल अशीच मुळात आखली जाते. मंद गतीने बदलणारे संकेत, उदाहरणार्थ तापमापकाचे, धारित्र ओलांडून जाऊच शकत नाहीत, म्हणून तेथे थेट जोडणीला पर्याय नाही. चिपच्या आतही हाच मार्ग पत्करावा लागतो, कारण सिलिकॉनच्या कणभर तुकड्यावर मोठे धारित्र मावत नाही. १९६८ मध्ये बाजारात आलेल्या ७४१ या प्रसिद्ध चिपमधील धारित्र अवघे ३० पिकोफॅरडचे आहे. १० मायक्रोफॅरडचे धारित्र त्याच्या तीन लाख पटींहून मोठे असते. थेट जोडणीची अडचण अशी, की तापमानामुळे पहिल्या टप्प्याची पातळी किंचित सरकली, तरी पुढचे टप्पे तो बदलही संकेत समजून वाढवत नेतात. धारित्र-युग्मनात अशी सरकती पातळी पुढे जात नाही; प्रत्येक टप्पा आपापल्या विश्रांतीला बांधलेला राहतो.

९. न बसवलेली धारित्रे

एकमेकांपासून अलग असलेले कोणतेही दोन वाहक मिळून धारित्र होते, मग ते कोणी मुद्दाम बसवलेले असो वा नसो. विवर्धकाच्या आदान तारेला बोट लावताच ध्वनिक्षेपकातून ‘घुंऽऽ’ असा आवाज येतो, तो यामुळेच. घरातील वीजतारा आणि माणसाचे शरीर यांच्यात ५ पिकोफॅरड धारकता आहे असे धरले, तर २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झच्या विजेमुळे एका ॲम्पिअरच्या दहा लाखाव्या भागाच्या सुमारे एक तृतीयांश एवढा प्रवाह शरीरामार्फत तारेत उतरतो. विवर्धकाचा आदान रोध ४,७०,००० ओहम असेल, तर एवढ्याशा प्रवाहाने तेथे सुमारे ०.१७ व्होल्ट उभा राहतो, म्हणजे मायक्रोफोनच्या ५ मिलिव्होल्टच्या तुलनेत तीसपटींहून अधिक. हाच रोध २,००० ओहम असता, तर ती घरघर एका मिलिव्होल्टच्याही आत राहिली असती. यावरून दोन उपाय निघतात : आदान रोध शक्यतो कमी ठेवणे आणि संकेताच्या तारेभोवती तांब्याच्या जाळीचे वेष्टन घालून ती जाळी परिपथाच्या ऋण तारेला जोडणे, जेणेकरून बाहेरून येणारा भार जाळीवरच अडून परत जाईल.

दुसरे लपलेले धारित्र खुद्द नलिकेच्या किंवा ट्रान्झिस्टरच्या पोटात असते. ईसीसी ८३ या नलिकेत ग्रिड आणि ॲनोड यांच्यामधील धारकता सुमारे १.६ पिकोफॅरड आहे. मात्र ग्रिडचा दाब १ ने वर गेला, की ॲनोडचा ६० ने खाली उतरतो, त्यामुळे या धारित्रावर ६१ पट फरक पडतो आणि ग्रिडला ते जवळजवळ १०० पिकोफॅरडचे भासते. अमेरिकी भौतिकीविद जॉन मिल्टन मिलर यांनी १९२० मध्ये याचे विवेचन प्रसिद्ध केले, म्हणून याला मिलर परिणाम म्हणतात. हे धारित्र संकेताच्या वाटेत आडवे नसून बाजूने जमिनीकडे वाट काढून देते, त्यामुळे ते खालच्या सुरांऐवजी वरचे सूर खाते. आधीच्या टप्प्याचा रोध १,००,००० ओहम धरून तोच भागाकार केला, तर १,६०,००० भागिले १० म्हणजे १६,००० हर्ट्झ ही वरची सीमा मिळते. आवाजापुरते ते चालून जाते. रेडिओ लहरींच्या लाखो हर्ट्झना मात्र हेच धारित्र परतीची वाट करून देई आणि सेटमधून शिट्ट्या निघत. १९२० च्या दशकात लुई हेझेल्टाइन यांनी विरुद्ध दिशेचा संकेत एका छोट्या धारित्रातून ग्रिडकडे परत पाठवून हा उपद्रव मारून काढला, आणि त्या पद्धतीचे न्यूट्रोडाइन रेडिओ अमेरिकेत घरोघर पोचले. पुढे ग्रिड आणि ॲनोड यांच्यामध्ये आणखी एक जाळी बसवलेल्या नलिका आल्या आणि ही धारकता मुळातच कमी झाली.

१०. आराखडा वाचताना

वरील विवेचनावरून असा निष्कर्ष निघतो, की युग्मनासाठी अमुक धारित्र चांगले आणि तमुक वाईट असे सुटे विधान करता येत नाही. ०.०१ मायक्रोफॅरडचे धारित्र एका रेडिओत पूर्ण योग्य असते आणि दुसऱ्यात निरुपयोगी ठरते. त्याची योग्यता त्याच्या दोन्ही अंगांना काय आहे यावर अवलंबून असते. म्हणून आराखड्यात दोन टप्प्यांच्या मध्ये धारित्र दिसले, की वाचकाने तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. दोन्ही बाजूंना विश्रांतीचा दाब किती आहे? यावरून धारित्राची धन बाजू आणि त्याने किती व्होल्ट सोसले पाहिजेत हे कळते. दोन्ही बाजूंच्या रोधांची बेरीज किती आहे? आणि सर्वांत खालचा कोणता सूर पुढे जायला हवा आहे? या दोन उत्तरांवरून १,६०,००० च्या भागाकाराने धारकता मिळते. बाजारात नेमके तेच मूल्य मिळाले नाही, तर त्याच्या वरचे मूल्य घ्यावे, खालचे घेऊ नये. धारित्र थोडे मोठे झाल्याने आवाज बिघडत नाही, लहान झाल्याने मात्र खर्ज हमखास जातो.